वाटीत आठ चमचे साखर

संपादक महोदय,
शाळांमधल्या 'शुगर बोर्ड'वरचा, म्हणजे कशात किती साखर असते ते मुलांना दाखवणाऱ्या फलकांवरचा, तुमचा लेख वाचला. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना हे बोर्ड लावायला सांगितलं ते छानच केलं, पण कोल्डड्रिंकची बाटली उघडली जाते ती घरी आणि आपणच मोठे ती उघडतो. इथे इंदूरला आमच्याकडे चैत्राच्या हळदीकुंकवालाही आता पन्ह्याऐवजी सरळ दोन लिटरच्या बाटल्या येतात, मला तर फार वाईट वाटतं. मागच्या रविवारी ३०० मिलीच्या बाटलीवरचं लेबल वाचून तेवढी साखर नातवासमोर वाटीत मोजली, जवळजवळ आठ चमचे झाली, तो वाटीकडे बघतच राहिला आणि म्हणाला, "आजी, एवढी?" जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर उत्तम, म्हणजे सहाच चमचे, तेही मोठ्या माणसाला! (पन्ह्यातही गूळ असतोच, म्हणून मी ताकच करते.) माझं म्हणणं एवढंच की आहाराची माहिती द्यायची तर महिला मंडळात, अंगणवाडीत आया-आज्यांना बोलवा, भाषण नको, वाटी-चमचा घेऊन साखर मोजून दाखवा.

– एक आजी, इंदूर