ते दोन कोरे चौकोन

प्रिय मनू,

नोकरीचे कागद मिळाले, रात्री बसून सगळे वाचले. ४०१(के), म्हणजे अमेरिकेत कंपनीमार्फत निवृत्तीसाठी पैसे साठवायचं खातं, त्याच्या पानावर 'ट्रॅडिशनल' आणि 'रॉथ' असे दोन चौकोन आहेत, आणि तू दोन्ही कोरे सोडलेस. ते 'नंतर बघू'मध्ये जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

खात्यात पैसे वाढत असताना दरवर्षी कर लागत नाही, हे दोन्हीकडे सारखंच. फरक आहे तो सरकार कर कधी घेतं यात. ट्रॅडिशनलमध्ये पैसे कर कापण्याआधी जातात आणि कर भरायचा तो काढताना. रॉथमध्ये कर आत्ताच भरायचा. मग म्हातारपणी नियमात राहून काढले तर मुद्दल आणि वाढ दोन्ही करमुक्त.

कागदावर मांडून बघ. १,००० डॉलर ट्रॅडिशनलमध्ये टाकले, ते तिप्पट झाले, काढताना २२ टक्के कर गेला. हातात आले २,३४०. तेच १,००० आधी कर देऊन ७८० उरले, रॉथमध्ये गेले, तिप्पट झाले, तेही २,३४०च. म्हणजे दर सारखा असेल तर कुठेही टाक. बघायचं ते एवढंच, की तुझा दर आज कमी आहे की निवृत्तीनंतर कमी असेल. तुझं पहिलंच वर्ष, त्यातही अर्धंच; तू १२ टक्क्यांच्या टप्प्यात बसशील. मी तुझ्या जागी असतो तर डोळे मिटून रॉथ निवडलं असतं. माझे स्वतःचे पैसे ट्रॅडिशनलमध्ये जातात, कारण माझा दर आता वरचा आहे.

तू पगाराच्या ६ टक्के टाकलेस की कंपनी ३ टक्के घालणार आहे. तेवढे तरी टाकच, नाहीतर तो पगारच सोडून दिल्यासारखं होईल. मात्र कंपनीचा वाटा तुझा होतो तो तीन वर्षं पुरी झाल्यावर, हे त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत आहे.

आयआरए, म्हणजे स्वतःचं वैयक्तिक निवृत्ती खातं, ते वेगळं. त्याचा नोकरीशी संबंध नाही, ते आपलं आपण उघडायचं. वर्षाला टाकायची मर्यादाही लहान: २०२५ साठी ती ४०१(के)मध्ये २३,५०० डॉलर होती, आयआरएमध्ये ७,०००. रॉथ आयआरएत टाकलेलं मुद्दल केव्हाही विनाकर, विनादंड काढता येतं. वाढीला मात्र हात लावायचा नाही. नव्याने कमावणाऱ्या माणसाला हा मोठा आधार असतो.

आता माझं सांगतो. पहिली नोकरी सोडली तेव्हा माझ्या खात्यात १२,००० डॉलर होते. रोलओव्हर करता येतो, म्हणजे जुन्या खात्यातले पैसे दुसऱ्या निवृत्ती खात्यात हलवता येतात, हे कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सरळ चेक मागवला. पाकीट उघडलं तर चेक ९,६०० चा. २० टक्के करापोटी आधीच कापलेले. पुढच्या एप्रिलमध्ये, साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढले म्हणून १० टक्के दंड, आणखी १,२००. आईने ती पावती अजून फाइलमध्ये ठेवली आहे. ते पैसे तिथेच राहिले असते तर आज किती झाले असते, हा हिशेब मी एकदाच केला आणि पुन्हा केला नाही.

तू नोकरी बदलशील तेव्हा तुझ्या नावाचा चेक घेऊ नकोस. या खात्यातून थेट त्या खात्यात पाठवा, असंच सांग.

आणि बेनिफिशियरीचा, म्हणजे आपल्या पश्चात पैसे कोणाला द्यायचे त्याचा, रकानाही रिकामा आहे. मृत्युपत्रात काहीही लिहिलं तरी इथे जे नाव असतं त्यालाच पैसे जातात. रविवारी फोन कर, फॉर्म समोर घेऊन बसू.

तुझा,
बाबा