बापाने चर्चबाहेर थांबू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी भायखळ्याचा, रेल्वेत पाळीची नोकरी. मुलांना संडे स्कूलला सोडून बाहेर चहा घेत थांबायचे, इतकेच मी वर्षानुवर्षे केले. प्रार्थना शिकवली ती त्यांच्या आईने. परवा धाकट्याने विचारले, ‘पप्पा, तुम्ही आत का येत नाही?’ मला उत्तर देता आले नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात प्रेषित पौलाने मुलांना प्रभूच्या शिक्षणात वाढवण्याचे काम थेट बापांवर सोपवले आहे आणि त्यांना चिडीस आणू नका, असेही तिथेच बजावले आहे. म्हणून घरात सक्ती नाही. जेवणानंतर दहा मिनिटे शास्त्रवाचन, मग मराठी ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांचे एखादे भजन. नगरचे आमचे आजोबा ती टाळ घेऊन म्हणत. माझ्यासारख्या बापांनो, येत्या रविवारी मुलांबरोबर आत चला. मीही येतोय.

– एक वाचक, भायखळा, मुंबई