चित्राखाली आजाराचे नाव कशाला?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरात, जागतिक दिव्यांग दिनाच्या आठवड्यात, पुण्यातील एका कलादालनात दिव्यांग मुलामुलींच्या चित्रांचे प्रदर्शन भरले होते. त्यात माझ्या एका विद्यार्थिनीची तीन चित्रे होती. ती १९ वर्षांची आहे, तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, ती व्हीलचेअरवर असते आणि तिचे बोलणे घरच्यांखेरीज फार थोड्यांना कळते. हे सारे मी येथे नाइलाजाने लिहितो आहे, कारण माझी तक्रार नेमकी त्याचीच आहे. प्रत्येक चित्राखालच्या पट्टीवर मुलाचे नाव, वय आणि अपंगत्वाचा प्रकार टक्केवारीसकट छापला होता. चित्राचे नाव मात्र कुठेच नव्हते. माध्यम कोणते, आकार किती, किंमत काय, यांपैकीही काही नाही.

नावे तिने दिलेली होती. एका चित्राचे नाव ‘रांग’. बँकेतली रांग तिने खुर्चीच्या उंचीवरून पाहिली आहे, त्यामुळे चित्रात एकही चेहरा नाही. कमरेचे पट्टे, साडीच्या निऱ्या, पाठीमागे गुंफलेले हात, मुडपलेले पासबुक, ओल्या छत्रीचे टोक आणि या सगळ्यांच्या फटीतून दूरवर दिसणारा खिडकीचा पांढरा तुकडा. उभ्या माणसाला हे चित्र सुचलेच नसते. लोक मात्र आधी पट्टी वाचत, “एवढ्या त्रासात किती गोड काढलंय!” म्हणत आणि पुढे सरकत. एका बाईंनी तर तिच्यासमोरच मला विचारले, “तिला कळतं का हो, आपण काय काढलंय ते?” तिने मांडीवरच्या अक्षरफळ्यावर बोट नेत दोन शब्द जुळवले, ‘तुम्हाला कळलं?’ पण तोवर त्या पुढच्या चित्राशी पोहोचल्या होत्या.

मी शाळेत ३१ वर्षे चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुले बसवली आणि रेषा सरळ येत नाही म्हणून कित्येकांना रागावलोही. तेव्हा दोष फक्त प्रेक्षकांचा आहे, असे मी म्हणणार नाही. हिच्याकडे शिकवायला जाऊ लागलो तेव्हा आम्ही ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली आणि कागद चारही बाजूंनी टेपने टेबलाला चिकटवला. हात लांब नेला की तिला झटका येतो आणि रंग उडतो. ते डाग मी चूक समजून तत्परतेने टिपून घेत असे. एके दिवशी तिने माझा हात बाजूला सारला. झटका कुठे येणार हे तिला ठाऊक असते, आणि कागदाच्या लांबच्या कोपऱ्यात जायचे तर ब्रशवर कोणता रंग हवा, हे तिने आधीच ठरवलेले असते, हे मला फार उशिरा उमगले. ‘रांग’मधल्या छत्रीखालची निळी चिळकांडी तशीच आलेली आहे.

तिच्या चित्रांना सगळे सरसकट ‘छान’ म्हणतात, याचा तिला मनस्वी कंटाळा आहे. एकदा मी म्हणालो, पहिला थर वाळू न देता दुसरा दिलास, म्हणून पार्श्वभूमी मळकट झाली. तिच्या आईचा चेहरा उतरला. ती मात्र तेच चित्र पुन्हा काढायला बसली आणि दोन आठवडे बसली.

शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी पन्नाशीनंतर पूर्ण गेली, तरी त्यानंतर त्यांनी कागद कापून, चिकटवून चित्रे केली आणि कलाभवनात टाइल्सचे भित्तिचित्र उभे केले. सतीश गुजराल यांना लहानपणापासून ऐकू येत नव्हते. दिल्लीतील बेल्जियमच्या दूतावासाची त्यांनी रचलेली वास्तू पाहताना कुणी ‘ऐकू येत नसूनही’ अशी सुरुवात करीत नाही. नवख्या मुलांच्या वाट्याला मात्र आधी टक्केवारी येते. अपंगाचे विकलांग झाले, विकलांगाचे दिव्यांग झाले. पट्टी तीच राहिली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २९ वे कलम सांस्कृतिक जीवनाविषयी आहे. दिव्यांग कलावंतांना सुविधा व आर्थिक पाठबळ देणे, कलेचे अभ्यासक्रम त्यांना झेपतील असे नव्याने आखणे, ही कामे त्यात शासनावर आणि स्थानिक संस्थांवर सोपवली आहेत. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात तर, या व्यक्तींची सर्जनशीलता केवळ त्यांच्यासाठी नव्हे, तर समाजाच्या समृद्धीसाठीही आहे, असे म्हटले आहे. दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्याच शहरात आहे. आयुक्तालय आणि महापालिका यांनी मिळून कलादालनांसाठी साधी नियमावली काढली तरी पुष्कळ होईल. पट्टीवर चित्राचे नाव, माध्यम, आकार आणि किंमत असावी. अपंगत्वाचा उल्लेख कलावंताला हवा असेल तरच व्हावा. काही चित्रे बसलेल्या माणसाच्या नजरेला येतील इतकी खाली टांगावीत. स्वतःचेच चित्र पाहण्यासाठी माझ्या विद्यार्थिनीला मान वर करून बसावे लागले होते, आणि दाराच्या दोन पायऱ्यांवरून तिला खुर्चीसकट उचलून आत न्यावे लागले होते, ते वेगळेच.

वृत्तपत्रांनाही एक विनंती. अशा प्रदर्शनाला शक्यतो चित्रसमीक्षक पाठवावा. या वेळी छापून आलेल्या छायाचित्रात पाहुणे होते, शाल होती, श्रीफळ होते. चित्र एकही नव्हते.

जाता जाता आणखी एक. एका तरुणाला ‘रांग’ विकत हवे होते. संयोजकांनी त्याला देणगीची पेटी दाखवली आणि तो गोंधळून निघून गेला. हे पत्र त्याच्या वाचनात आलेच, तर चित्र अजून तिच्याकडेच आहे. किंमत ४,५०० रुपये असून घासाघीस चालणार नाही, असे तिने मला मुद्दाम लिहायला सांगितले आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
कोथरूड, पुणे