निवडुंगाची भाजी करण्याआधी

मा. संपादक,

कुंडीतल्या निवडुंगाची भाजी होते, हे हल्ली बरेचदा वाचायला मिळते. कोणत्या निवडुंगाची, हे मात्र क्वचितच छापलेले असते. खायचा तो फड्या निवडुंग, चपट्या पानांवर पाने फुटत जाणारा. कापल्यावर त्यातून बिनरंगी, बुळबुळीत रस येतो. दुधासारखा पांढरा चीक आला तर ते झाड विषारी आहे असे समजावे. तो चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

लागवडीसाठी जून पान सांध्यावर कापून १० ते १५ दिवस सावलीत ठेवावे. काप सुकून घट्ट झाला की जाड वाळू निम्म्याने मिसळलेल्या मातीत एक तृतीयांश पुरावे आणि पहिला आठवडा पाणी घालू नये. ओला काप ओल्या मातीत गेला की पान बुडातून सडते. बहुतेक रोपे इथेच मरतात. नवी पाने अरुंद, फिकट निघाली तर ऊन कमी पडते आहे; रोज सहा तास तरी हवे.

भाजीला १५ ते २० सेंटीमीटरची कोवळी पाने घ्यावीत, जून पानात दोरे होतात. झाड रात्री आम्ल साठवते आणि दिवसा वापरते, म्हणून पहाटे तोडलेले पान आंबट लागते, दुपारचे सौम्य.

मोठ्या काट्यांपेक्षा त्यांच्या बुडाशी असलेली केसासारखी कुसळे जास्त त्रास देतात. 'बिनकाट्याच्या' जातीतही ती असतात! पान चिमट्याने धरून सुरीने काटे-कुसळे उगवतात तो प्रत्येक ठिपका खरवडावा, कडा अर्धा सेंटीमीटर कापून टाकावी, मग वाहत्या पाण्याखाली धुवावे. बोटात कुसळ गेलेच तर चोळू नये, चिकटपट्टी लावून ओढावी.

पट्ट्या चिरून, मीठ लावून, पाणी न घालता मंद आचेवर झाकण ठेवून १० मिनिटे शिजवाव्यात. भेंडीसारखा भरपूर बुळबुळीतपणा सुटतो. तो पाहून भाजी बिघडली असे वाटते आणि अनेक जण ती टाकून देतात. झाकण काढून रस आटू द्यावा, बुळबुळीतपणा जातो. अजिबातच नको असेल तर मिठाच्या पाण्यात उकडून निथळावे आणि गार पाण्याने धुवावे.

या पानांत ऑक्झलेट बरेच असते, त्यामुळे मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळावीत. मधुमेहाची औषधे चालू असतील तर नियमित खाण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण या भाजीने रक्तातली साखर उतरू शकते. पाककृतीसोबत एवढे तरी छापावे, ही विनंती.

– एक वाचक