सायकलची हुकलेस रिम आणि 28 मिमीचा टायर जोडीने विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री विभाग

विषय: सायकलची कार्बन चाकं व ट्यूबलेस टायर यांची धोकादायक जोडी, लपलेली माहिती आणि त्यातून झालेला अपघात.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी आपल्याच ब्रँडच्या कार्बन चाकांची जोडी घेतली. त्याच पानावर ‘या चाकांसोबत घ्या’ म्हणून दाखवलेले आपलेच 28 मिमी रुंदीचे ट्यूबलेस टायरही घेतले. ते बसवून दिले आपल्या पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरने. त्यानंतरच्या पहिल्याच मोठ्या राइडला, पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना, एका वळणावर पुढचा टायर रिमवरून निसटला. मी पडले आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाने गाडी वेळीच आवरली, म्हणून एवढ्यावर निभावलं.

आपल्या कस्टमर केअरने दोन ओळींत उत्तर पाठवलं: हवा जास्त भरली गेली, हा वापरातला दोष आहे, वॉरंटीत बसत नाही. हे मला मान्य नाही. का नाही ते सविस्तर लिहिते, कारण ही जोडी आपल्या संकेतस्थळावर आजही तशीच विकायला आहे.

हवा आपल्या मेकॅनिकने भरली होती. जॉबकार्डवर ‘90 पीएसआय, पुढे-मागे’ असं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं आहे (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक). टायरच्या कडेवर ‘कमाल 110 पीएसआय’ छापलेलं आहे, तेव्हा 90 त्याला सुरक्षितच वाटणार. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या हातात दिलेल्या चाकाला हुक नाही आणि तिथे टायरवरचा आकडा चालत नाही, हे त्याला आपल्यापैकी कुणी सांगितलेलंच नव्हतं.

माझ्या जुन्या ॲल्युमिनियमच्या चाकांना हुक आहे. म्हणजे रिमची कड वरच्या टोकाला आत वळलेली आहे आणि हवेच्या दाबाने बाहेर रेटली जाणारी टायरच्या कडेतली तार त्या वळणाखाली अडकून राहते. तीही चाकं मी ट्यूबलेसच चालवते आणि 28चे टायर 75 ते 80 पीएसआयवर कधी जागचे हललेले नाहीत. हुकलेस रिमची कड सरळ उभी असते. तिथे टायर जागेवर राहतो तो दोन गोष्टींमुळे: तार न ताणणारी हवी आणि रिमच्या आतल्या बैठकीवर तिचं माप अचूक बसायला हवं. दाब वाढला की तारेवरचा ताण वाढतो आणि तिला अडवायला वर काहीच नसतं. म्हणूनच रोड सायकलच्या हुकलेस रिमसाठी कमाल दाब 5 बार, म्हणजे 72.5 पीएसआय ठरलेला आहे. टायरवर काहीही छापलेलं असो, जो आकडा कमी तो पाळायचा. आपल्या सेंटरने माझ्या चाकात या मर्यादेपेक्षा साडेसतरा पीएसआय जास्त हवा भरली होती.

आणि प्रश्न फक्त हवेचा नाही. अपघातानंतर मी टायर काढला, हवा अडवायला रिमच्या आत लावलेली टेप सोलली, तेव्हा टेपखाली रिमवर बारीक अक्षरात ‘622×25 टीएसएस’ असं कोरलेलं सापडलं. टीएसएस म्हणजे ट्यूबलेस, सरळ कडेची. 25 म्हणजे रिमची आतली रुंदी मिलिमीटरमध्ये. टायर-रिमची मापं ठरवणाऱ्या ईटीआरटीओ या युरोपियन संस्थेने 25 मिमीच्या हुकलेस रिमसाठी टायर किमान 29 मिमीचा हवा असं सांगितलेलं आहे. आपण मला विकला 28चा. रुंद रिमवर अरुंद टायर बसवला की त्याच्या बाजू बाहेर ओढल्या जातात आणि तारेची पकड कमी होते. एका मिलिमीटरने काय होतं, असं आपल्या प्रतिनिधीने मला फोनवर विचारलं. मनगटाचा एक्स-रे सोबत जोडला आहे.

हे सगळं आपल्याला ठाऊक नसेल असं मी मानत नाही. फेब्रुवारी 2024मध्ये यूएई टूर या सायकल शर्यतीत बेल्जियमचा सायकलपटू थॉमस डी गेंट पडला, तेव्हा त्याचा पुढचा टायर हुकलेस रिमवरून सुटलेला साऱ्या जगाने पाहिला. 28चा टायर आणि आतून 25ची रिम, हीच जोडी होती. टायर आधी सुटला की रिमला काहीतरी आदळलं यावर वाद झाला, पण त्यानंतर यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेलाही या चाकांच्या सुरक्षिततेचा विचार जाहीरपणे हाती घ्यावा लागला. चाकं बनवून विकणाऱ्या कंपनीपर्यंत ही बातमी पोचली नाही, हे कसं पटावं?

हुकलेस रिम वाईट असते असं माझं म्हणणं नाही. माझ्या भावाच्या माउंटन बाइकला तशाच रिम आहेत. रुंद टायर, 25 पीएसआयच्या आसपास हवा, दगडधोंड्यांतून तो बिनधास्त जातो. साच्यातून कार्बनची सरळ कड काढणं सोपं जातं आणि ती कड मार खायला दणकट असते, हेही खरं. 30 किंवा 32चा टायर घेऊन माझ्या वजनाला 55 ते 60 पीएसआय ठेवले असते, तर हीच चाकं कदाचित उत्तम चालली असती. आपण ते सांगितलं नाहीत. ‘हुकलेस’ हा शब्द विक्रीच्या पानावर नाही, खोक्यावर नाही, सोबतच्या माहितीपत्रकात नाही. पानावर आहे ते ‘सर्व रोड टायरसाठी योग्य’. ग्राहकाने टेप सोलून खालची अक्षरं वाचावीत अशी आपली अपेक्षा होती का?

टेपबद्दलही लिहायलाच हवं. ती 23 मिमीची निघाली. आतून 25 असलेल्या रिमला दोन्ही बाजूंच्या बैठकीपर्यंत पोचायला किमान 27ची लागते. सीलंट, म्हणजे टायरमध्ये गळती बुजवायला घालतात ते द्रव, कडेने खाली उतरून स्पोकच्या भोकांत गेलं होतं, स्पोक आवळणारे निपल चिकट झाले होते. हीच टेप आपण ‘कोणतीही जुनी रिम ट्यूबलेस करा’ म्हणून विकता. साध्या, ट्यूबच्या रिममध्ये तार धरून ठेवणारी बैठक आणि तिच्या आतल्या बाजूचा उंचवटा नसतो. टेप हवा अडवते, तार अडवत नाही. कॉलेजला जाणारी मुलं ही जाहिरात वाचून जुन्या सायकलवर प्रयोग करतील. ती जाहिरात आजच काढा.

सीलंट वर्षभर टिकतं हा दावाही काढावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत ते सुकत येतं, हे पुण्यातला कुणीही सायकलस्वार सांगेल.

माझ्या मागण्या अशा. दोन्ही चाकं, टायर आणि बसवण्याची मजुरी यांची पूर्ण रक्कम परत मिळावी. उपचारांचा खर्च आणि पडल्यावर मोडलेल्या ब्रेक लिव्हरची किंमत द्यावी. बिलं सोबत आहेत. विक्रीच्या पानावर आणि रिमच्या दर्शनी बाजूला, टेपखाली नव्हे, ‘हुकलेस, कमाल 72.5 पीएसआय, टायर किमान 29 मिमी’ हे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत स्पष्ट लिहावं. ही जोडी ज्यांनी घेतली त्या प्रत्येक ग्राहकाला फोन करून टायर बदलून द्यावेत. यादी आपल्याकडे आहेच. माझ्यासाठी ही शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. पैसे द्यायला उशीर झाला तर मी थांबेन. ते फोन मात्र या आठवड्यात व्हायला हवेत, कारण पुढच्या रविवारी त्यांच्यापैकी कुणीतरी सिंहगड किंवा पसरणी उतरत असेल.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात होणं बंधनकारक आहे. वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा न देणं हा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 84 नुसार उत्पादकाच्या दायित्वाचा विषय आहे, आणि चाकं व टायर दोन्हींवर आपलंच नाव आहे. मुदतीत समाधान झालं नाही तर मी पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

टायर, टेप आणि चाक अपघातानंतर होते तसेच जपून ठेवले आहेत. आपल्या तंत्रज्ञाने ते माझ्यासमोर तपासावेत. तपासणीपूर्वी कुरिअरने मी काहीही पाठवणार नाही.

आपली,
तक्रारदार ग्राहक, पुणे

सोबत: बिलाची प्रत, जॉबकार्ड, रिमवरच्या अक्षरांचे व टायरचे फोटो, एक्स-रे, रुग्णालयाची व दुरुस्तीची बिलं, कस्टमर केअरचं उत्तर.