‘हॉट अ‍ॅज हेल’चे आठ जण

संपादक महोदय,

दुसऱ्या महायुद्धात हिमालयाच्या पूर्व टोकाला कोसळलेल्या अमेरिकी विमानांविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख आवडला, परंतु त्यात ‘हॉट अ‍ॅज हेल’ या विमानाचा उल्लेख ‘अपघातग्रस्त मालवाहू विमान’ असा झाला आहे आणि त्यातील माणसे ‘आठ कर्मचारी’ एवढ्या दोन शब्दांत आटोपली आहेत. हवाई दलाच्या हवामान विभागात नोकरी केलेल्या आणि त्यातील काही वर्षे आसामातील चाबुआच्या तळावर काढलेल्या मला या दोन्ही गोष्टी खटकल्या, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ते विमान बी-२४ लिबरेटर जातीचे, चार इंजिनांचे बॉम्बर होते आणि चीनमधील चौदाव्या अमेरिकी हवाई दलाच्या ३०८व्या बॉम्बर गटाचे होते. २५ जानेवारी १९४४ रोजी ते चीनमधील कुनमिंगहून चाबुआकडे निघाले ते सामान आणायला, हे खरे. पण बॉम्बरला सामान आणायला का जावे लागत होते, हे लेखात यायला हवे होते. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर चीनला जाणारा जमिनीवरचा रस्ता तुटला. त्यानंतर पेट्रोलचा प्रत्येक पिंप आणि प्रत्येक बॉम्ब आसामातून डोंगर ओलांडून हवेतूनच न्यावा लागे, आणि ३०८व्या गटाला तर हा माल बहुतांशी स्वतःच्याच विमानांतून वाहून न्यावा लागत होता. जपानी जहाजांवर किंवा बंदरांवर एकदा हल्ला चढवायचा, तर त्याआधी त्याच क्रूने त्याच विमानातून भारताच्या अनेक खेपा करायच्या, असा तो मामला होता. अशा खेपेला मोहिमेपासून वेगळे काढून ‘मालवाहतूक’ म्हणणे मला तरी पटत नाही.

वैमानिकांनी या डोंगराळ मार्गाला ‘हंप’, म्हणजे उंटाच्या पाठीवरची मदार, असे नाव ठेवले होते. युद्ध संपेपर्यंत या मार्गाने सुमारे साडेसहा लाख टन माल चीनमध्ये गेला आणि सहाशेच्या आसपास विमाने कामी आली. खाली पडलेल्या सांगाड्यांवरून वाट ओळखता येते म्हणून वैमानिक तिला ‘अ‍ॅल्युमिनियमची वाट’ म्हणत. या विमानांपैकी शत्रूच्या गोळीने पडलेली थोडी. बहुतेक गेली ती ढग, बर्फ आणि वाऱ्यामुळे. २५ जानेवारीलाही खराब हवेत सापडून त्याच मार्गावरची आणखी काही विमाने नाहीशी झाली.

चाबुआला आम्ही सकाळी वाऱ्याचा अंदाज घेण्यासाठी हायड्रोजनचा फुगा सोडत असू आणि थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून त्याचा माग काढत असू. जानेवारीत कित्येकदा दोन-तीन मिनिटांतच फुगा ढगात शिरायचा आणि वहीतला पुढचा रकाना कोरा राहायचा. ‘हॉट अ‍ॅज हेल’चे अवशेष अरुणाचल प्रदेशातील अपर सियांग जिल्ह्यात, दामरोह गावाजवळच्या डोंगरावर सापडले. नकाशावर पाहिले तर ही जागा चाबुआच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर, ब्रह्मपुत्रेच्याही पलीकडे आहे. म्हणजे पूर्वेचे डोंगर त्यांनी ओलांडले होते. चुकली ती खालची दरी. वरच्या वाऱ्याने त्यांना उत्तरेकडे ढकलले असावे आणि खाली ढगांखेरीज काही दिसत नसावे, असा माझा तर्क आहे. नॅव्हिगेटरच्या हातात तेव्हा पेन्सिल, नकाशा आणि बेभरवशाचा रेडिओ याहून फारसे काही नसे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आठ जणांना दोष देण्याचे धाडस होत नाही.

सांगाडा २००६ मध्ये क्लेटन कूल्स या अमेरिकी गिर्यारोहकाने शोधला, असे आपल्या लेखात म्हटले आहे. त्यात एवढीच भर घालतो की अशा जागा स्थानिक लोकांना ठाऊक असतात आणि त्यांनी वाट दाखवल्याशिवाय त्या जंगलात बाहेरचा माणूस काही शोधू शकत नाही. पुढे अमेरिकेचे पथक आले, मग काही वर्षे काम थांबले, २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीतून अवशेष मायदेशी रवाना झाले. विमानाचे नॅव्हिगेटर अर्विन झेट्झ यांच्या पुतण्याने या कामासाठी वर्षानुवर्षे दोन्ही सरकारांचे उंबरठे झिजवले. काकांना त्याने कधी पाहिलेलेही नव्हते. अवशेषांवरून त्या आठ जणांपैकी रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली आणि जून २०१७ मध्ये जॉर्जिया राज्यातील कॉन्कर्ड या त्यांच्या गावी, मृत्यूनंतर ७३ वर्षांनी, त्यांचे दफन झाले.

अरुणाचलातच पासीघाट येथे नोव्हेंबर २०२३ मध्ये या हवाई मार्गाचे संग्रहालय सुरू झाले आहे. ईशान्येच्या सहलींची वर्णने आपल्या पुरवणीत नेहमी येतात. कुणी वाचक त्या बाजूला जाणार असेल तर अर्धा दिवस तिथे जरूर काढावा.

राहता राहिला ‘कर्मचारी’ हा शब्द. कर्मचारी म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे हजेरीपट उभा राहतो. विमानदळात आम्ही ‘क्रू’च म्हणत असू आणि मराठी वाचकालाही तो शब्द परका नाही. आपण दुरुस्ती छापणार असाल, तर सोबत या क्रूची नावेही छापावीत, ही विनंती: विमानाचे मुख्य वैमानिक विल्यम स्वॉन्सन, शेल्डन चेंबर्स, अर्विन झेट्झ, रॉबर्ट ऑक्सफर्ड, चार्ल्स गिन, हॅरी क्वीन, जेम्स हिन्सन आणि आल्फ्रेड गेरॅन्स.

आपला नम्र,
एक निवृत्त वायुसैनिक, पुणे