शिशाचा एप्रन पुरेसा नाही

गरोदर स्त्रीची अँजिओप्लास्टी म्हटली की नातेवाईक आधी पोटावर शिशाचा एप्रन मागतात. पण कॅथलॅबमध्ये (अँजिओप्लास्टीच्या खोलीत) क्ष-किरण टेबलाखालून येतात, आणि बाळापर्यंत पोचतात ते मुख्यतः आईच्याच शरीरात विखुरलेले. एप्रनची कड किरणांच्या झोतात आली तर यंत्र आपोआप किरणमात्रा वाढवते, ते वेगळेच. खरा बचाव झोत आवळण्यात आहे: कॉलिमेटर (झोताची रुंदी ठरवणारी झडप) हृदयापुरता, किरणांचे पल्स (झटके) सेकंदाला १५ ऐवजी ७.५, किरण टिपणारा डिटेक्टर छातीलगत, मॅग्निफिकेशन (चित्र मोठे करणे) टाळलेले. कॅथेटर (बारीक नळी) जांघेऐवजी मनगटातून घातला तर ओटीपोटावर थेट झोत पडतच नाही. एवढे पाळले की बाळाची मात्रा सहसा ५० मिलिग्रेच्या (मिलिग्रे हे किरणमात्रेचे एकक) बरीच खाली राहते. भीतीपोटी हार्ट अटॅकचा उपचार कृपया लांबवू नका. नाशिकच्या रुग्णालयांनी टेबलावर घेण्याआधी पाळीची तारीख विचारावी आणि नंतर किरणमात्राही केसपेपरवर लिहावी.

– एक क्ष-किरण तंत्रज्ञ, नाशिकरोड